दिवसा दिवे लावलेली गाडी

शोरूममधल्या माणसाने गाडीच्या समोरच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांवरून असा हात फिरवला, जणू त्या त्यानेच घरी बसून कोरल्या होत्या. "हे डीआरएल, मॅडम. इंजिन सुरू झालं की आपोआप लागतात, भर दिवसासुद्धा. समोरच्याला तुमची गाडी लांबूनच दिसते." मी मान डोलावली. लांबून दिसण्यात काही वाईट असेल असं वाटायचं कारण नव्हतं. ते बंद कुठून करायचे हे विचारायचं तर डोक्यातही आलं नाही. दिवा आहे म्हणजे बटण असणार, एवढं आपण धरूनच चालतो.

गाडी घेतली ती आईसाठी. आईच्या आतड्यात गाठ निघाली होती आणि दर तीन आठवड्यांनी तिला मुंबईच्या हॉस्पिटलात नेऊन सलाइनमधून औषध द्यायचं होतं. भाऊ बोईसरच्या कारखान्यात पाळीवर, त्याला रजा मिळणं मुश्कील. मी बोळिंजला राहते, घरी बसून शिकवण्या घेते, म्हणजे सगळ्यांच्या मते मी रिकामीच. शिवाय मला गाडी चालवता येते. तेव्हा आईला न्यायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. मी नाराज नव्हते. उलट काहीतरी करता येतंय याचंच बरं वाटत होतं. पांढरी गाडी लगेच मिळत होती, बाकी रंगांना थांबावं लागणार होतं, म्हणून पांढरी घेतली.

आईने एकच अट घातली. गावात कळता कामा नये. "पोटाचं दुखनं हाय म्हनून सांगा. त्याच्यापुढं एक शब्द नाय. मी जिवंत असताना कोनी माझ्याकडं मेल्यासारखं बघितलेलं मला चालनार नाय." असं म्हणून तिने माझ्याकडे, भावाकडे आणि वहिनीकडे आळीपाळीने बघितलं. आम्ही तिघांनी माना हलवल्या. आईसमोर आमच्या घरात दुसरं काही हलवायची पद्धत नाही.

आता गावाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाव आगाशीच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आगाशीचा बाजार मागे पडला की एक बारका पूल लागतो आणि पुलानंतर रस्ता उंच बांधावरून जातो. दोन्ही बाजूंना भातशेतं, मधे काही नाही, त्यामुळे पुलावर काय आलं ते सबंध गावाला दिसतं. पूर्वी फोन नव्हते तेव्हा मुंबईच्या हॉस्पिटलात कोणी गेलं की गावाला कळवणार कसं? मग पद्धत पडली. मयत घेऊन येणाऱ्या गाडीने पुलावर आल्यावर दिवे लावायचे. भर उन्हात दोन दिवे दिसले की शेतातली माणसं हातातलं टाकून उभी राहायची, पंप बंद व्हायचे, बायका चुलीवरचं खाली उतरवायच्या. गाडी घरांपर्यंत पोचेतो सगळं गाव आपापल्या फाटकाशी आलेलं असायचं. आता फोन आले, बातमी गाडीच्या आधी पोचते, पण दिवे लावायचं कोणी सोडलेलं नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याला आजही पुलाच्या अलीकडे कोणीतरी सांगतं, दिवे लाव.

मोटारसायकलींचे दिवे दिवसा जळायला लागले ते गावाने पचवलं. एक दिवा मोजायचा नाही, दोन असले तर मोजायचे, असं आपोआप ठरून गेलं. शनिवार-रविवारी रिसॉर्टकडे जाणाऱ्या नव्या गाड्यांचेही दिवे जळत असतात, पण त्या जोरात जातात आणि आत गाणी वाजत असतात. मयताची गाडी हळू येते.

मी हळू चालवत होते, कारण आईला खड्डे सोसत नव्हते.

पहिल्या सलाइनहून परत येत होतो. भातं कापून झाली होती, शेतांत वाल लावला होता. आई पुढच्या सीटवर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरून, डोळे मिटून. पूल ओलांडला तेव्हा मला आधी काही कळलंच नाही. एक माणूस पेंढा बांधत होता, तो उभा राहिला आणि त्याने डोक्याचं फडकं काढलं. मग वालाच्या वाफ्यातल्या दोन बायका उभ्या राहिल्या. कुठेतरी पंप चालू होता, त्याचा आवाज थांबला. त्या शांततेने आईने डोळे उघडले.

"कोन गेलं गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मला काय माहीत. आईने मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. "मागं कोनाची गाडी हाय?" मागे कोणी नव्हतं. रस्ता पुलापर्यंत मोकळा होता. तिने पुन्हा पुढे बघितलं. पहिल्या घरातले म्हातारे काका, सगळं गावच ज्यांना काका म्हणतं ते, लगबगीने आपलं फाटक उघडत होते. काकांच्या तोंडावर जे दिसत होतं ते आमच्यासाठी होतं, हे आम्हा दोघींना एकदमच कळलं.

"बाय," आई म्हणाली, "दिवे लावलेस तू?"

मी स्टिअरिंगजवळचा दांडा फिरवून बघितला, मागे-पुढे, वर-खाली. वायपर सुरू झाले. मागच्या काचेवर पाणी उडालं. दिवे काही विझले नाहीत. तोवर काका खिडकीशी आले होते, आत वाकले, आणि आईला जिवंत बघून त्यांनी काय करावं ते न सुचून नमस्कार केला.

"वहिनी, तू... कुठून?"

"पोटाचं औषध आनायला गेलेले," आई म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. आणि मांडीवरची पिशवी ती लपवत होती.

त्या संध्याकाळी गावातल्या झाडून सगळ्या बायका आमच्या ओट्यावर येऊन गेल्या. कोणी लिंबाचं लोणचं आणलं, कोणी शहाळं. पोटाच्या दुखण्याला एवढी माणसं येत नाहीत. फक्त समोरच्या घरातली माझी काकू आली नाही. आई आणि ती सख्ख्या जावा, पण सांडपाण्याच्या पाटावरून भांडण झालं त्याला कितीतरी वर्षं झाली आणि तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. काकूही दुपारी फाटकाशी आली होती. तोंडाला पदर लावून उभी होती. आई जिवंत दिसल्यावर पाठ फिरवून आत गेली.

आई माझ्यावर भडकली. एवढं जपायचं गुपित पोरीने पहिल्याच खेपेला घालवलं, असं तिचं म्हणणं. "तुझी ती गाडी. दिवे बंद कर तिचे. नायतर मी रिक्षाने जाईन." रिक्षाने मुंबईला कोणी जात नाही, पण आईला ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. टायवाला एक तरुण टॅब घेऊन बसला होता. म्हटलं, दिवसाचे दिवे बंद करायचेत. तो म्हणाला, ते बंद होत नाहीत, सेफ्टी फीचर आहे. म्हटलं, मला माहीत आहे, तरी बंद करायचेत. तो म्हणाला, सिस्टीममध्ये तो ऑप्शनच नाही, वायरिंगला हात लावला तर वॉरंटी जाईल. मग मी त्याला खरं कारण सांगितलं. पूल, बांध, दोन दिवे, आई, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही फीडबॅकमध्ये टाका ना." मला इतका राग आला की हसूच आलं. खुर्चीवर बसून मी हसत राहिले आणि त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं.

पुढच्या खेपेला मी काळी चिकटपट्टी नेली. आगाशीत बाजाराच्या कडेला गाडी थांबवली, उकिडवी बसले आणि दोन्ही पट्ट्यांवर चिकटपट्टी लावत सुटले. आई काचेतून बघत होती. केळीवाली बाई बघत होती. बसची वाट बघणारी सगळी रांग बघत होती. रांगेतला एक जण म्हणाला, "ताई, नजर लागू नये म्हणून का?" चिकटपट्टी लागली, पण कडांमधून उजेड पाझरतच राहिला, आणि दिव्यांच्या उबेने पुलापर्यंत जाता जाता एक टोक सुटून फडफडायला लागलं. गावाने त्या दिवशी जास्तच निरखून बघितलं. डोळे बांधलेली गाडी त्यांनीही पूर्वी पाहिली नव्हती. सगळे मागच्यासारखेच उभे राहिले. काका पुन्हा फाटकाशी.

या वेळी मी गाडी थांबवून खाली उतरले. "काका," मी म्हटलं, "ही माझी गाडी आहे, तुम्हाला आता माहीत आहे ना? हिचे दिवे कायम चालू असतात. बिघाड नाही, तशीच आहे ती. तुम्ही कशाला उठता?"

"ठाव हाय गं," काका म्हणाले. "तुझी गाडी म्हनून ओळखली मी पुलावरच."

"मग?"

काकांनी गाडीकडे बघितलं, आईने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. मग आवाज बारीक करून म्हणाले, "पन खरंच असलं तर?"

ते खरं होतं. दर तीन आठवड्यांनी मी ज्या बाईला घेऊन जात होते, तिला घेऊन एक दिवस खरंच तशी येणार होते, आणि तो कुठला दिवस हे मलाही माहीत नव्हतं, काकांना कसं असणार? म्हाताऱ्या माणसाने जोखीम का घ्यावी? मी गाडीत येऊन बसले आणि सरळ घरी आणली.

मग फोनवर एक व्हिडिओ सापडला. काही गाड्यांत हँडब्रेक एक खटका वर ओढला की हे दिवे विझतात. मी बोळिंजच्या आमच्या बिल्डिंगखाली करून बघितलं आणि दिवे विझले. पार्किंगमध्ये एकटी उभी राहून मी टाळ्या वाजवल्या, वॉचमन बघत होता. पुढच्या खेपेला पुलाच्या अलीकडे मोठ्या ऐटीत खटका ओढला आणि निघाले. दिवे विझले खरे, पण गाडी ओरडायला लागली. टिंग टिंग टिंग, थांबायचं नाव नाही. हँडब्रेक ओढून गाडी चालवणारीला गाडी मूर्ख समजते आणि तसं सांगत राहते. त्यात जळका वास सुरू झाला. आईला औषधानंतर वासाचा भारी त्रास, तिने पिशवी वर धरली आणि बांधाच्या मधोमध तिला उलटी झाली. मग मी खटका सोडला. दिवे लागले. पेंढ्याजवळचा माणूस उभा राहिला. आई पिशवीत तोंड घालून होती आणि मी तिची पाठ चोळत होते, आणि लांबून ते कसं दिसत असेल याची मला कल्पना आली. दोघींनाही रडू फुटलं, तिला अंगातल्या त्रासाने, मला संतापाने. त्या दिवशी फाटकाफाटकाशी माणसं डोळे पुसत होती.

जोरात चालवून बघावं, असंही मनात आलं. पण जोरात चालवली की खड्डा, खड्डा लागला की उलटी. म्हणजे हळूच चालवायची, आणि हळू चालवली की मयताची गाडी. यातून सुटका नव्हती.

शेवटी मनवेलपाड्यातल्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेले. चाळीच्या पुढ्यात त्याचं दुकान, आत जुन्या हॉर्नांचा ढीग. त्याने बॉनेट उघडलं, मोबाइलचा उजेड पाडला आणि म्हणाला, "कट करून टाकतो मॅडम. टेन्शनच नको."

"कट नको, बटण लावा," मी म्हटलं. "हवे तेव्हा बंद, हवे तेव्हा चालू."

"बटनचा माल संपलाय. आणि काय आहे, चालू करून करायचं काय? तुम्हाला बंदच पाहिजे ना?"

मला बंदच पाहिजे होते. खटकन आवाज झाला. त्याने कापलेल्या वायरचं टोक मला दाखवलं, जणू दाढ काढली. डॅशबोर्डवर एक पिवळं चिन्ह उगवलं ते आजतागायत तिथेच आहे. पण दिवे गेले. गाडी समोरून मेल्या माशासारखी दिसायला लागली आणि मी सुखावले. घरी फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं."

पुढची खेप. पूल आला. पेंढा बांधणारा आता वाल तोडत होता, त्याने मान वर केली नाही. वाफ्यातल्या बायका आपसात बोलत होत्या. पंप धडधडत राहिला. पहिल्या घराशी काका ओट्यावर पाठमोरे बसून काहीतरी निवडत होते. मला वाटलं, जिंकलो. मी आईकडे बघितलं.

आई खिडकीला टेकून बाहेर बघत होती. एकेका फाटकाकडे मान वळवत होती. गाडी काकांच्या घरावरून गेली तेव्हा तिने मागे वळूनही बघितलं. काकूच्या घरापुढे मी आणखी हळू केली, कारण तिथे वळण आहे. काकूचं फाटक लावलेलं होतं. अंगणात तिची साडी वाळत होती.

घरी पोचल्यावर आई ओट्यावर बसली. वहिनीने चहा आणला तो थंड होईपर्यंत तसाच राहिला. मी विचारलं, "आये, मळमळतंय का?" तिने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "आज कोनी आलं नाय."

"मग तेच तर पाहिजे होतं ना तुला?"

"हो, तेच."

मग तिने समोरच्या घराकडे बोट केलं. "ती यायची गं फाटकाशी. दर वेळी यायची. बोलत नव्हती, पन यायची. किती वरसांनी तिचं तोंड समोरून बघितलं मी." आणि म्हणाली, "मी गेल्यावर येतील ते सगळे. पन तेव्हा मला काय दिसनार?"

मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. हिच्यासाठी सर्व्हिस सेंटरला हसं करून घेतलं, आगाशीच्या बाजारात उकिडवी बसले, वॉरंटी घालवली, आणि आता हिला दिवे हवेत! पण राग फार वेळ टिकला नाही. मी मनवेलपाड्याला परत गेले. इलेक्ट्रिशियनने पुन्हा बॉनेट उघडलं, बराच वेळ आत हात घालून ठेवला आणि म्हणाला की टोक आत गेलं, आता मिळत नाही, कंपनीतूनच अख्खं वायरिंग बदलून घ्या. सर्व्हिस सेंटरच्या त्याच टायवाल्याने सांगितलं की पार्ट मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. या वेळी मी हसले नाही, त्यामुळे पाणीही आलं नाही.

आणखी एक-दोन खेपा तशाच झाल्या. आई दर वेळी फाटकांकडे बघायची. तिचं वजन उतरत चाललं होतं. सीटबेल्ट लावताना माझ्या हाताला तिच्या बरगड्या लागायच्या.

मग त्या दिवशी, पुलाच्या अलीकडेच, ती म्हणाली, "बाय, ह्या गाडीला मोठे दिवे पन असतील ना? रातीचे?"

मला लगेच कळलं. "आहेत," मी म्हटलं.

"ते लाव."

मी गाडी पुलाच्या कठड्याला लावून थांबवली. "आये, आता लोकांना वाटेल खरंच. इतके दिवस दिवे नव्हते. आता लावले तर ते धावत येतील."

"येऊ दे की."

आता सांगायला सोपं आहे, पण त्या दांड्याला हात लावणं मला जमेना. आधी गाडी आपली आपणच दिवे लावत होती. त्यात माझा काही हात नव्हता, मी गाडीवर चिडत होते एवढंच. आता ते मी लावायचे होते. पुलावर आलं की आपलं माणूस बसलेलं असताना दिवे लावायचे, याचा अर्थ काय ते मला लहानपणापासून माहीत होतं. शेजारी आई बसली होती, श्वास घेत होती, माझ्याकडे बघत होती. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवून गेला. मी डोळे मिटले आणि दांडा फिरवला.

आणि गाव खरंच धावत आलं. वालातला माणूस बांधावर चढला आणि गाडीच्या पुढे पुढे घरांकडे पळत सुटला, हात वर करून. पंप थांबले. काका काठी विसरून फाटकापर्यंत आले होते. बायकांच्या रडण्याचा आवाज आम्ही वळणावर यायच्या आधीच आला, आणि त्यात माझ्या वहिनीचा आवाज मी ओळखला. आईने काच खाली घेतली होती. ती डोकं बाहेर काढून सांगत होती, "अगं मी हाय. हाय मी अजून. रडता कशाला?" पण तिचा आवाज आता फार लांब जात नव्हता.

काकू पहिली पोचली. फाटक उघडं टाकून, अनवाणी. तिने खिडकीत हात घातला तो आईच्या तोंडावरच पडला आणि तिने किंचाळून मागे घेतला. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आई म्हणाली, "आली का गं?" काकूने तिला एक सणसणीत शिवी दिली आणि खिडकीच्या कडेवर डोकं ठेवून रडायला लागली. आई तिच्या पाठीवर थोपटत होती. जावांचं एवढ्या वर्षांचं न बोलणं मिटवायला त्या शिवीपेक्षा जास्त काही लागलं नाही.

वहिनी मात्र माझ्याशी बोलायला तयार नव्हती. "ताई, हे काय खेळ आहेत?" ती म्हणाली. तिचे हात पिठाने भरलेले होते. "आम्ही ह्यांना फोन केला कारखान्यात. निघाले ते तिथून." आईने सांगितलं म्हणून लावले, असं सांगू? ते खरं होतं, पण तिच्यासमोर उभं राहून ते बोलवेना. भाऊ संध्याकाळी घरी आला तेव्हा आईला ओट्यावर बसलेली बघून अंगणातच खाली बसला.

मी निघायच्या वेळी आईने मला जवळ बोलावलं. काकू आत आमच्या स्वयंपाकघरात वहिनीला काहीतरी रागाने शिकवत होती, त्यामुळे आम्ही दोघीच होतो. आई बरीच दमली होती, पण तिचं तोंड मला कितीतरी दिवसांनी नीट, जिवंत दिसलं.

"तुझ्या बापाला आनलं ना," ती म्हणाली, "तेव्हा मी गाडीत त्याच्या बाजूला बसलेले. पुलापासून घरापर्यंत मी मान वर केलीच नाय. कोन कोन आलं, कोन रडलं, मला आजपन ठाव नाय. लोक विचारतात, मी आलेलो, आठवतं का. मी हो म्हनते."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला, कारण तिला बोट दाखवून बोलायचं होतं.

"तू तसं करू नको. गाडी तूच चालवशील, दुसऱ्याला देऊ नको. हळू चालव. आनि मान वर ठेव. सगळ्यांकडं बघ, काच खाली घे, कोनी बोलायला आलं तर बोल. मी नाय बोलनार तेव्हा."

मी म्हटलं, "हो, आये."

"दिवे लावायला विसरू नको," ती म्हणाली, आणि आत चहा झाला का म्हणून काकूला हाक मारली.